बगसीच्या आधी हेलनबाई

आमच्या घरच्या ग्रुपवर परत एकदा कॅसिनो निघाला. गोव्याच्या हद्दीजवळच्या बांद्याचे मामा (वय सत्तर, रमीचे पक्के, मामींसमोर मात्र "पैसे लावून नाय हां") म्हणाले की गोव्यानं मांडवीत बोटी उभ्या केल्या आणि आपण नुसते आंबे मोजत बसलो, तिकडे लास वेगास बघा, एका गुंडानं भर वाळवंटात हॉटेल काढलं आणि शहर उभं राह्यलं, "वाळवंटात जमता, मग आमका कित्याक नाय?" त्यावर पुण्याची ताई लगेच, म्हणजे आपल्या पोरांनी काय पत्ते वाटायचे का, ते पापाचं शहर आहे. आणि मग दोघांनीही मला टॅग केलं, कारण मी अकरा वर्षं इथं राहतो, वेगासला चिकटून असलेल्या हेंडरसनमध्ये, आणि माझा पगार स्लॉट मशीनच्या, म्हणजे जुगाराच्या यंत्रांच्या, सॉफ्टवेअरमधून येतो. त्यामुळे नीतीचं लेक्चर द्यायला मी लायक नाही, ते ताईकडेच राहू दे.

पण मामा, तो गुंडवाला इतिहास चुकीचा आहे. तो गुंड म्हणजे बगसी सीगल, त्याचं फ्लेमिंगो हे कॅसिनो-हॉटेल उघडलं २६ डिसेंबर १९४६ ला. त्याच्या आधी त्याच हायवेवर एल रँचो वेगास हे हॉटेल १९४१ पासून चालू होतं, मग लास्ट फ्रंटियर आलं, आणि फ्लेमिंगोची कल्पनासुद्धा बगसीची नव्हे, बिली विल्करसन नावाच्या माणसानं काम सुरू केलं होतं, बगसी नंतर घुसला. आयत्या बिळावर नागोबा. सहा महिन्यांनी, जून १९४७ मध्ये, बेव्हरली हिल्सला गोळ्या घालून मारला त्याला, आणि मेला म्हणूनच बहुतेक एवढा मोठा झाला.

शहर कुणी वसवलं हे सांगायचं तर पाण्यापासून सुरुवात करावी लागते. लास वेगास या स्पॅनिश शब्दांचा अर्थच मुळी कुरणं. इथं जमिनीतून जिवंत झरे यायचे, आणि त्या झऱ्यांवर पायूट लोक, म्हणजे इथले मूळचे आदिवासी, कित्येक पिढ्या राहत होते. १८५५ मध्ये मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचे मिशनरी आले, मातीच्या विटांचा किल्ला बांधला, दोन वर्षांत कंटाळून गेले. मग ऑक्टेव्हियस गॅस नावाच्या माणसानं तिथं रँच केलं, आर्चिबाल्ड स्टुअर्टकडून कर्ज काढलं, ते फिटलं नाही आणि रँच स्टुअर्टच्या घशात गेलं. हे वाचलं तेव्हा मला आमच्याकडचे सावकार आणि सातबारे आठवले, माणूस सगळीकडे सारखाच.

आता खरी गोष्ट. १८८४ च्या जुलैमध्ये, ऐन उन्हाळ्यात, हा स्टुअर्ट शेजारच्या कील रँचवर कसलं तरी भांडण मिटवायला नाहीतर वाढवायला गेला आणि तिथं गोळी लागून मेला. बायको हेलन, वय तिशीचं, चार मुलं, पाचवं पोटात. तिला कीलकडून चिठ्ठी आली ती दीड ओळीची, गाडी पाठवा आणि नवऱ्याला घेऊन जा, मेला आहे, एवढंच, त्यातही आडनाव चुकलेलं. खटला उभाच राहिला नाही. पोलीस नाही, रेल्वे नाही, सगळ्यात जवळचं बऱ्यापैकी गाव म्हणजे घोड्यावरचे कित्येक दिवस. आमच्याकडे असती तर भावकीनं महिनाभरात जमीन वाटून घेतली असती. ही बाई मात्र तिथंच राह्यली आणि अठरा वर्षं रँच चालवलं, गुरं, फळबाग, येणाजाणाऱ्यांना जेवण, खाणीतल्या कामगारांना भाजी. हे सगळं एकटीनं केलं असं म्हणायची पद्धत आहे, पण राबायला पायूट माणसं होती, ते सांगायला हवं. १८९३ मध्ये पोस्ट आलं तर पहिली पोस्टमास्तर तीच.

१९०२ मध्ये तिनं रँच विकलं, पाण्यासकट, ५५,००० डॉलरला. घेणारा विल्यम क्लार्क, मोंटानाचा तांब्याचा राजा आणि सिनेटर, लाच देऊन सिनेटची सीट मिळवल्याच्या भानगडीत गाजलेला. त्याला लॉस एंजेलिस ते सॉल्ट लेक रेल्वे टाकायची होती आणि वाफेच्या इंजिनाला पाणी लागतं. मे १९०५ मध्ये त्याच्या रेल्वेनं दोन दिवस भर उन्हात प्लॉटचा लिलाव केला, ते आजचं डाउनटाउन. आमच्या जिल्ह्याचं नावसुद्धा क्लार्क काउंटी. म्हणजे मामा, शहर वसलं ते पाणी आणि रेल्वेवर. आणि गंमत म्हणजे १९१० पासून नेवाडात, म्हणजे वेगासच्या राज्यात, जुगारच बंद होता, चोरून चालायचा तेवढा.

हेलनबाईनं १९११ मध्ये आणखी एक केलं, स्वतःकडची दहा एकर जमीन ५०० डॉलरला सरकारला दिली, पायूट लोकांना राहायला म्हणून. पायूटांची वस्ती अजून आहे तिथं, डाउनटाउनच्या उत्तरेला. पुण्याहून ताई आलेली तेव्हा तिच्यासमोरून दोनदा गाडी नेली, तिला सांगितलं नाही तोवर कळलं पण नाही. मोठेपणा म्हणावा का, ज्यांचं सगळं खोरं होतं त्यांना दहा एकर? मला ठरवता येत नाही. तेवढं तरी दुसऱ्या कुणी दिलं नव्हतं हेही खरंच.

जुगार कायदेशीर झाला मार्च १९३१ मध्ये, मंदीच्या काळात, आणि त्याच वर्षी जवळच हूवर धरणाचं काम सुरू झालं. हजारो मजूर, हातात रोख पगार. तोवर हे पाच हजार वस्तीचं रेल्वेचं गाव होतं. केंद्र सरकारचा पैसा, सरकारी धरण, सरकारी पाणी, सरकारी वीज, आणि वर कॅसिनो, असा तो थर आहे. धरणाच्या कामगारांसाठी सरकारनं बांधलेल्या बोल्डर सिटीत जुगाराला बंदी होती, ती आजही आहे. शहरातलं पहिलं लायसन्स मिळालं मेमी स्टॉकर नावाच्या बाईला, नवरा रेल्वेत नोकरीला म्हणून धंदा बायकोच्या नावावर असं सांगतात. आमच्याकडच्या सरपंच-पतींची आठवण झाली ना?

आणि सगळ्यांसाठी नव्हतंच हे शहर. धरणाच्या कामावर काळ्या मजुरांना सुरुवातीला जवळपास घेतलंच नाही. पुढे स्ट्रिपवर, म्हणजे फ्लेमिंगोवाल्या त्या हायवेवर, नॅट किंग कोल, सॅमी डेव्हिस ज्युनियर असे काळे कलाकार गायचे, टाळ्या घ्यायचे, पण झोपायला वेस्टसाइडला, काळ्यांच्या वस्तीत, कारण हॉटेलात खोली मिळत नसे. १९५५ मध्ये मूलॉ रूझ हे सगळ्यांना खुलं असलेलं कॅसिनो निघालं, काही महिन्यांत बंद पडलं. मार्च १९६० मध्ये डॉ. जेम्स मॅकमिलन या दातांच्या डॉक्टरनं मोर्च्याची धमकी दिली तेव्हा दारं उघडली. हा माणूस टुरिस्टांच्या नकाशात शोधून सापडत नाही, माफियाचं म्युझियम मात्र तीन मजली.

मग आपल्याकडे काय करावं? महाराष्ट्रानं कॅसिनोचा कायदा १९७६ मध्येच केला होता, कधी लागूच केला नाही, आणि २०२३ मध्ये रद्द करायचं ठरवलं. मला विचाराल तर बरं केलं, पण ताईच्या कारणानं नाही. गोव्यात २०२० पासून गोंयकारालाच कॅसिनोत बंदी, म्हणजे नियमानं हद्दीच्या आतल्या पत्रादेवीचा माणूस बाहेर आणि पाच मिनिटांवरचे मामा आत. ज्या धंद्यात आपल्याच माणसांना पाठवायची सरकारला भीती वाटते तो शेजाऱ्यासाठी विकास कसा, हे मला कुणीतरी समजवा. इथं उलटं आहे, किराणा दुकानात स्लॉट मशीन आणि समोर दुधाची पिशवी घेऊन बसलेली आजी, हे मी रोज बघतो आणि त्याच मशीनचे बग काढून घरी जातो. पण सरकारी लॉटरी मात्र नेवाडात नाही, लोक हद्द ओलांडून कॅलिफोर्नियात जाऊन तिकिटं घेतात, आणि आपलं महाराष्ट्र सरकार १९६९ पासून स्वतःच लॉटरी विकतंय. तेव्हा ताई, पापाचं शहर नेमकं कुठलं ते जपून ठरव.

मामांना एवढंच की वेगाससारखं करायचं तर आधी कुणीतरी आपल्याला हूवर धरण बांधून द्यायला हवं. ज्या झऱ्यांनी हे सगळं सुरू केलं ते उपसून उपसून १९६२ मध्ये वाहायचे थांबले. आता जवळपास सगळं पाणी कोलोरॅडो नदीचं, हूवर धरणाच्या लेक मीड या तलावातून, आणि तोही आटतोय, हिरवळ काढून टाकायचे कायदे झालेत.

मामेभाऊ डिसेंबरात यायचा म्हणतोय, फ्लेमिंगो बघायचंय त्याला. बघू दे, पण आधी त्या मातीच्या किल्ल्यात नेणार. थोडासाच भाग मूळचा राह्यलाय आणि ओढा पंपानं वाहता ठेवलाय. फ्लेमिंगो रात्रभर उघडं असतं, किल्ला संध्याकाळच्या आत बंद होतो.