बाळ कुठाय?

रोमला आमची ही तिसरी खेप. पहिल्यांदा कलोसियम बघून गहिवरले, दुसऱ्यांदा जिलातो खाऊन, आणि यावेळी ठरवूनच डिसेंबरात गेले, कारण मला चर्चमधले नाताळचे गोठे, म्हणजे येशूजन्माचे देखावे, तिथे ज्याला प्रेसेपे म्हणतात ते, मनसोक्त फोटो काढत हिंडायचं होतं. लहानपणी दिवाळीचा किल्ला केलेल्या माणसाला प्रेसेपे बघून काय होतं ते सांगून कळायचं नाही. तेच शेवाळं, तेच आरशाचं तळं आणि मापाचा तोच आनंदीआनंद. आमच्याकडे मावळ्यापेक्षा कोंबडी मोठी, इथे मेंढपाळापेक्षा टरबूज मोठं. एका ठिकाणी तर बेथलेहेमात पिझ्झा भाजणारा माणूस! पण आमच्या किल्ल्यावर ट्रॅफिक पोलीस असायचा, त्यामुळे मी गप्प.

तर फोटो. बरीच चर्च दुपारी बंद. मी पुण्याची, या विषयावर मला तोंडच नाही. उघडी असली तर आत मिस्सा, म्हणजे त्यांची सामुदायिक प्रार्थना, चालू, मग मागच्या बाकावर शहाण्यासारखं बसा. आणि हे सगळं जमलं तर तो डबा! डब्यात एक युरो टाकला की गोठ्यात दिवे लागतात, झरा वाहतो, लोहार घण मारायला लागतो, पहाट होते. मी फोकस करते तर काचेत माझीच माकडटोपी, तीन राजांच्या रांगेत चौथी. डावीकडे सरकते, मागच्या खांबाचं रिफ्लेक्शन. गुडघ्यावर बसते, लेन्स काचेला टेकवते, श्वास रोखते आणि खट्! दिवे बंद. बेथलेहेमात लोडशेडिंग. पुन्हा युरो. चौथ्या नाण्याला नवरा म्हणाला, "एवढ्यात दोघांची कॉफी झाली असती."

संध्याकाळी फॅमिली ग्रुपवर बावीस फोटो टाकले. सासूबाईंचा लगेच मेसेज, "छान. बाळ कुठाय?"

बघते तर खरंच की. मरिया आहे, योसेफ आहे, बैल, गाढव, सगळे वाकून बघतायत आणि मधे नुसतं गवत. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला, बाळ गोठ्यात ठेवतात ते २४ च्या मध्यरात्री. आमचं परतीचं विमान २४ च्या सकाळी. तिकीट मीच काढलेलं, त्यामुळे भांडायलाही कोणी नाही.

दुसऱ्या दिवसापासून माझा ध्यास एकच, बाळ. सेंट पीटरच्या चौकात १९८२ पासून दरवर्षी भलाथोरला गोठा मांडतात, तिथेही जागा रिकामी. सांता मारिया माज्जोरे चर्चमध्ये शिल्पकार आर्नोल्फो दी काम्बिओनं तेराव्या शतकाच्या शेवटी घडवलेला संगमरवरी गोठा आहे, पण त्यातली मरिया आणि बाळ मूळच्या रूपात नाहीत, नंतर बदललेली, म्हणजे इथेही नेमकं तेच! आराचेली चर्चच्या १२४ पायऱ्या चढले (नवरा खाली बसून राहिला, "वरून हात कर"). तिथलं लाकडी बाळ भेटलं, मुकुटबिकुट घालून, पण ते आपल्या खोलीत. गोठ्यात यायला त्यालाही नाताळच लागतो. शिवाय मूळचं १९९४ साली चोरीला गेलं, हे नवीन. सासूबाईंनी धरलं नाही. उलट लिहिलं, "रिकाम्या पाळण्याचे फोटो काढू नयेत गं." मुळात समजूत रिकामा पाळणा हलवू नये अशी आहे, पण सासूबाईंशी वाद कोण घालणार.

२३ च्या संध्याकाळी एका छोट्याशा चर्चमध्ये घंटा वाजवणारे, किल्ल्या सांभाळणारे म्हातारे काका भेटले. माझं इटालियन म्हणजे मेन्यूकार्डापुरतं, म्हणून मी गव्हाणीकडे बोट दाखवलं आणि दोन्ही हातांनी बाळ जोजवल्याची ॲक्शन केली. ते आधी माझ्या पोटाकडे बघून "आउगुरी!" म्हणजे अभिनंदन, असं म्हणाले. नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. मग उलगडा झाल्यावर हसत आत घेऊन गेले, कपाट उघडलं, बुटांचा खोका काढला. आत कापसावर, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, वीतभर मातीचं बाळ. एका पायाचा अंगठा उडालेला, गालावरचा रंग मात्र ताजा.

मी कॅमेरा वर केला तशी काकांनी झाकण लावलं. बोट हलवून "नो, नो", मग घड्याळावर टिचकी. उद्या रात्री.

सासूबाईंना फोनवर सगळं सांगितलं. "बरोबरच आहे त्यांचं," त्या म्हणाल्या, "जन्माआधी कसला फोटो?"