बंपरचा विमा आणि सातबाऱ्याचा विमा

कोल्हापुरात कुणी नवी गाडी घेतली की पहिला प्रश्न 'ॲव्हरेज किती देते?' आणि विम्याचा विषय निघालाच तर 'झिरो डेप घेतलास न्हवं?' (म्हणजे घसारा न कापता भरपाई देणारं कव्हर.) झालं. बंपरला ओरखडा आला तर कंपनी किती देणार, आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) किती धरला, एनसीबी (दावा न केल्याची सूट) राहिला की गेला, यावर आपली माणसं शोरूममध्ये तासभर हुज्जत घालतील. त्याच कागदावर खाली 'लिमिट्स ऑफ लायबिलिटी', म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीला कंपनी कुठवर देणार, अशी एक चौकट असते. ती वाचलेला गाडीमालक मला अजून भेटायचाय.

मी विमा विकत नाही. शाहूपुरीत लोकांच्या हिशेबाची कामं करतो, त्यामुळे गाड्यांचे कागद डोळ्यांखालून जातात. त्यावरून झालेलं माझं मत असं की पॉलिसी हातात आली की आधी ती चौकट वाचावी, बंपरचं मागाहून बघावं. आपल्या गाडीचं जास्तीत जास्त नुकसान किती, तर गाडीच्या किमतीएवढं. आपल्या गाडीनं दुसऱ्याचं काय होईल, त्याला असा आकडा नाही.

म्हणजे कसं, ते एकदा मांडूनच बघा. शिरोलीच्या फाउंड्रीत कायम नोकरीला असलेला 35 वर्षांचा माणूस. पगार महिना 30,000. घरी बायको, दोन पोरं आणि आई. हायवेला उतरताना आपल्या गाडीची धडक बसली आणि तो गेला. भरपाईचं गणित सुप्रीम कोर्टानं सरला वर्मा (2009) आणि प्रणय सेठी (2017) या निकालांत घालून दिलंय. वर्षाचे 3,60,000. चाळिशीच्या आतला, कायम नोकरी, म्हणून पुढच्या पगारवाढीपोटी 50 टक्के मिळवायचे, झाले 5,40,000. चार जण अवलंबून, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा, राहिले 4,05,000. या वयाला गुणक 16. म्हणजे 64,80,000. वर अंत्यविधी वगैरेची ठरलेली रक्कम आणि व्याज. ही झाली साध्या पगाराची गोष्ट. माणूस इंजिनिअर किंवा डॉक्टर असला तर कोटी ओलांडायला वेळ लागत नाही.

इथं आपला कायदा खरंच भला आहे. माझा भाचा टेक्सासमध्ये असतो. तिकडं कायद्यानं सक्तीचा विमा 30/60/25 हजार डॉलरचा: एका जखमीला 30, एका अपघातातल्या सगळ्या जखमींना मिळून 60 आणि मालमत्तेच्या नुकसानीला 25. त्याच्या वरचं खिशातनं. म्हणून तिकडची शहाणी माणसं मर्यादा वाढवून घेतात. आपल्याकडं दुसऱ्याच्या मृत्यूला आणि इजेला थर्ड पार्टीत, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीसाठीच्या सक्तीच्या विम्यात, वरची मर्यादाच नाही. मोटार अपघात दाव्यांचं न्यायाधिकरण जी रक्कम ठरवील ती कंपनीनं भरायची. आणि त्यासाठी जून 2022 पासूनच्या दरानं हजार सीसीपर्यंतच्या कारला वर्षाला 2,094 रुपये, 1,500 सीसीपर्यंत 3,416, त्याच्या वर 7,897. (जीएसटीचं वेगळं बघा.) एवढ्या पैशात एवढी मोठी हमी दुसरी कुठली मिळत असेल तर मला सांगा.

पण मालमत्तेच्या नुकसानीला मर्यादा आहे. खासगी कारला साडेसात लाख, दुचाकीला एक लाख. आणि गंमत म्हणजे हे साडेसात लाख खाली आणून फक्त 6,000 करायची सोय आहे, त्याबद्दल प्रीमियममध्ये सूट मिळते कारला 100 रुपये. शंभर! गेल्या मार्चमध्ये एका गिऱ्हाइकाच्या कागदावर मला तोच सहा हजारांचा आकडा दिसला. आण्णांना विचारलं, "हे तुम्ही सांगून केलंय काय?" तर म्हणाले, "मला काय ठावं? एजंट म्हणाला, कमीत बसवतो. म्हटलं, बसीव." सही मात्र त्यांचीच होती. सहा हजारांत आज मागचा एक दिवा येत नाही ओ. कावळा नाक्याला सिग्नलवर पुढच्या मोठ्या गाडीत घुसलं, ती पुढच्या एसटीत गेली, तर त्या दोन्हीचं मिळून कंपनी देणार सहा हजार आणि उरलेलं आण्णा देणार. एरवी जो तो आपापल्या विम्यातून गाडी करून घेतो, म्हणून हे कुणाच्या लक्षात येत नाही. समोरचा दाव्याला उभा राहिला की येतं. तेव्हा त्या चौकटीत साडेसात लाख लिहिलंय का, एवढं तरी बघा.

आता ती 'मर्यादा नाही'वाली हमी. तिला अटी आहेत, आणि आपल्या भागात त्या रोज मोडतात.

जुनी गाडी झाली की आपण फुल विमा बंद करतो आणि नुसती थर्ड पार्टी उतरवतो. ठीक आहे, पैसे वाचतात. पण त्याच गाडीत पाव्हण्यांना भरून अमावास्येला आदमापूरला निघालो आणि गाडी उलटली, तर मागं बसलेली मावशी कायद्याच्या हिशेबात थर्ड पार्टी नसते. नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत खासगी गाडीतल्या बसणाऱ्यांची जबाबदारी येत नाही, पॅकेज म्हणजे फुल पॉलिसीत येते. सुप्रीम कोर्टानं 2012 मध्ये बालकृष्णन प्रकरणात हा फरक स्पष्ट केलाय. म्हणून गाडी कितीही जुनी असली तरी घरची माणसं त्यात बसणार असतील तर मी पॅकेजच घ्या म्हणतो. पगारी ड्रायव्हर असेल तर त्याच्या नावचा जादा पन्नासेक रुपयांचा कव्हरही टाकून घ्या. तेवढ्यासाठी रडू नका.

दुसरं, वडाप. पांढऱ्या पाटीच्या गाडीत सीट भरून पैसे घेतले की पॉलिसीची अट मोडली. लग्नाच्या सीझनला 'डिझेलपुरतं द्या' म्हणून भाड्यानं दिली तरी तेच. आणि लायसन्स. बारावीतल्या पोराला 'जा, दूध घालून ये' म्हणून बोलेरोची किल्ली देणारे बाप मी रोज बघतो. अशा वेळी कोर्ट बऱ्याचदा कंपनीला सांगतं की मयताच्या घरच्यांना आधी पैसे द्या, मग गाडीमालकाकडून वसूल करा. त्या घरच्यांच्या बाजूनं हे न्याय्यच आहे. मालकाचं काय होतं ते ऐका: मोटार वाहन कायद्याच्या कलम 174 खाली न्यायाधिकरण कलेक्टरला दाखला देऊ शकतं आणि ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. म्हणजे तलाठी दारात. चौसष्ट लाख आणि वर व्याज. कागलकडची ऊसपट्ट्यातली किती गुंठे जमीन जाईल ते तुम्हीच मोजा.

विकलेल्या गाडीचं तर विचारूच नका. 29-30 नंबरच्या फॉर्मवर सह्या करून दिल्या, पैसे घेतले, पेढे खाल्ले, संपलं, असं समजणारे शेकड्यानं आहेत. आरटीओत नाव बदलेपर्यंत कायद्यासमोर मालक तुम्हीच. 2018 मध्ये नवीन कुमार प्रकरणात गाडी चार हात पुढं गेली होती, तरी सुप्रीम कोर्टानं जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच ठेवली. घेणाऱ्यानं विमा संपू दिला असेल तर तुम्हाला पत्तासुद्धा लागणार नाही. टीटी झालेली, म्हणजे नाव बदललेली, आरसी स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय व्यवहार मिटला म्हणू नका.

'कोर्टात बघू की' म्हणणारेही भेटतात. बघा. दावा कसबा बावड्याच्या कोर्टात, आणि अपिलाला आता मुंबईलाही जायला नको. ऑगस्ट 2025 पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच इथंच आहे. प्रवासखर्च तेवढा वाचेल.

कमेंटमध्ये 'माझी पॉलिसी बघून सांगा' म्हणून फोटो टाकू नका, त्यावर मोबाईल नंबर, चेसिस नंबर सगळं असतं. त्या चौकटीत साडेसात लाख आहेत का सहा हजार, तेवढं लिहा. सहा हजारवाल्यांनी आजच एजंटला फोन करून रिन्यूअलला ते बदलून मागा, आणि 'काय फरक पडतोय' म्हणाला तर एजंट बदला.