भरतीवाल्यांनो, भाकरीवर खापर फोडू नका

सोलापुरात पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरांच्या ग्रुपवर एक मेसेज जोरात फिरतोय. ‘भाकरी म्हणजे नुसती साखर. भाकरी-भात आजपासून बंद, प्रोटीन पावडर चालू. सकाळी उपाशीपोटी पळा. पळून आल्याशिवाय पाण्याला हात लावू नका. महिन्याभरात सोळाशेचा टायमिंग उतरणारच.’ मैदानी चाचणीच्या ५० गुणांतले २० या १६०० मीटरवर मिळतात, तेव्हा पोरं सांगेल ते करून बघणार, यात नवल नाही. पण मेसेज लिहिणाऱ्याला ना ज्वारी कळली, ना पळणं.

आधी ती ‘नुसती साखर’. १०० ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम प्रोटीन आणि तेवढाच फायबर असतो. उरलेल्यात मुख्य म्हणजे स्टार्च. त्याचं पोटात शेवटी ग्लुकोज होतं, हे खरं. पण पळणाऱ्याला नेमकं तेच लागतं. ग्लुकोजचा साठा स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेन म्हणून राहतो. पाच-साडेपाच मिनिटांत सोळाशे मारायचं तर शरीर मुख्यतः याच साठ्यावर चालतं. चरबीतून ऊर्जा निघते, पण इतक्या वेगाला पुरेल इतक्या झपाट्यानं निघत नाही. शेवटच्या चारशेत पाय जड होण्याची कारणं अनेक असतात, पण आठवडाभर साठा न भरता रोज सराव करणं हे त्यातलं एक हमखास कारण.

मग मेसेज खरा का वाटतो? ‘सर, मी भाकरी सोडलो, आठ दिवसांत तीन किलो उतरलो,’ असं पोरं छाती फुगवून सांगतात. काटा खोटं बोलत नाही, अर्थ चुकीचा लावला जातो. एक ग्रॅम ग्लायकोजेन आपल्यासोबत साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. साठा रिकामा झाला की ते पाणीही जातं. आठवड्यात उतरलेल्या वजनात मोठा वाटा या पाण्याचा असतो, चरबीचा नव्हे. पुन्हा पोटभर जेवला की वजन परत येतं आणि पोरगं म्हणतं, बघा, भाकरीनं सुटलो!

रोज तासभर कसून सराव करणाऱ्याला किलोमागे ५ ते ७ ग्रॅम कार्बोहायड्रेट लागतात, असं क्रीडापोषणाचे जाणकार सांगतात. म्हणजे ६० किलोच्या पोराला दिवसाला किमान ३०० ग्रॅम. ३०० ग्रॅम पिठाच्या पाच-सहा भाकऱ्यांतून जेमतेम २०० मिळतात. भाकरी जास्त होते हे सोडाच, भात, केळी, गूळ धरल्याशिवाय हिशोब पुरा होत नाही.

पावडरचा मुद्दा मात्र सरसकट उडवून लावता येणार नाही. आपल्या ताटात प्रोटीन कमी पडतं, हे मेसेजवाल्याचं म्हणणं बरोबर आहे. कडक भाकरी, शेंगाचटणी, कांदा, वर तेलाची धार: चवीला तोड नाही, पण दोन चमचे चटणीत, म्हणजे २० ग्रॅम शेंगदाण्यांत, प्रोटीन निघतं जेमतेम ५ ग्रॅम, आणि तेल त्याहून जास्त. चटणीनं प्रोटीन भागतं ही आपली सोलापुरी समजूतही सोडून द्यावी. शिवाय ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल, म्हणजे प्रोटीनचा एक घटक, कमी असतं आणि डाळी-कडधान्यांत ते भरपूर. म्हणून भाकरीसोबत मटकीची उसळ, हुलग्याचं माडगं किंवा घट्ट वरण हवंच.

सराव करणाऱ्याला किलोमागे दीड ग्रॅम प्रोटीन धरलं, तर ६० किलोला ९० ग्रॅम होतात. वरच्या भाकऱ्यांतून ३०, कच्ची मोजून १०० ग्रॅम डाळ-मटकीतून २२, अर्ध्या लिटर दुधातून १६, तीन अंड्यांतून १८, मूठभर शेंगदाण्यांतून ७. झाले ९३. अंडी न खाणाऱ्यांनी तिथं फुटाणे आणि दही वाढवावं. पावडर काही विष नाही. ज्याला परवडते त्यानं घ्यावी. पण घरातलं दूध बंद करून हप्त्यानं डबा आणणं हा शुद्ध वेडेपणा.

उपाशीपोटी पळायचं का? पहाटेची हलकी दौड असेल तर खुशाल. चारशेचे राउंड मारायचे असतील तर अर्धा तास आधी एखादं केळं किंवा दोन-तीन खजूर खावेत. इथं भाकरी चालत नाही, हेही सांगतो. तिचा फायबर आणि चटणीतलं तेल पोटातून सावकाश सरकतं, त्यामुळं ते जेवण पळण्याच्या तीनेक तास आधी, नाहीतर आदल्या रात्री.

पाण्याचं वाक्य सगळ्यात धोक्याचं. सोळाशे मीटर पळताना मध्ये पाणी लागत नाही, कबूल. पण एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशीपार असताना तास-दीड तासाचा सराव कोरड्या घशानं करणं म्हणजे चक्कर येऊन पडायची तयारी. सरावाआधी आणि नंतर वजन करा. ६० किलोतून सव्वा किलो गेलं, तर दोन टक्के पाणी गेलं. इथून पुढं वेग घसरायला लागतो. पाणी अधूनमधून प्या, आणि परत आल्यावर मीठ घातलेलं ताक.

मुलींचा या मेसेजमध्ये उल्लेखच नाही. त्यांच्या आठशे मीटरला अनेकदा आडवं येतं ते लोह. ज्वारीत, मटकीत लोह आहे, पण जेवणावर लगेच चहा घेतला की त्यातलं थोडंच अंगी लागतं. चहा तासाभरानं घ्यावा, उसळीवर लिंबू पिळावं. आणि जिना चढताना धाप लागत असेल, तर पावडरचा डबा आणण्याआधी हिमोग्लोबिन तपासून घ्यावं.