गेवराईच्या दादांना उत्तर: अफू, उचल आणि मॉर्फिनची गोळी

दादा, नमस्कार.

अफगाणिस्तानातल्या अफूबंदीवर मी लिहिलं, त्याखाली तुम्ही लिहिलंत: "ज्याच्या घरातलं पोरगं जातं त्यालाच कळतं. माझा भाचा एमडीपायी (मेफेड्रोन, नशेची पावडर) गेला. तालिबाननं वर्षभरात अफू संपवून दाखवली. आपल्याकडंही तशीच धडक पाहिजे, आणि तुम्ही बंदीत खोट काढत बसलात." भाच्याचं वाचलं आणि दोन दिवस मला काही लिहवलं नाही. आज लिहितोय ते वाद जिंकायला नाही.

आधी माझी चूक. 'बंदी कधीच टिकत नाही' असं एक वाक्य मी लिहिलं होतं. ते चुकीचं आहे, मागे घेतो. आपल्याच देशानं १९४९ साली ठरवलं की नशेसाठी खायची अफू दरवर्षी दहा टक्क्यांनी कमी करायची आणि दहा वर्षांत थांबवायची. १९५९ साली ती अधिकृत विक्री थांबली. ज्यांचं शरीर अफूला सरावलं होतं त्यांना डॉक्टरांच्या दाखल्यावर ती मिळण्याची सोय ठेवली होती. त्या माणसांना दहा वर्षं मिळाली, हे मला फार मोलाचं वाटतं.

तालिबानचंही तुमचं म्हणणं खरं आहे. एप्रिल २०२२ मध्ये फर्मान निघालं आणि २०२३ मध्ये अफूखालची जमीन २,३३,००० हेक्टरवरून १०,८०० हेक्टरवर आली. उत्पादन ६,२०० टनांवरून ३३३ टनांवर. संयुक्त राष्ट्रांचे आकडे आहेत, मी ते नाकारत नाही. पण त्याच अहवालात आणखी एक ओळ आहे: शेतकऱ्यांच्या हातात पडलेला अफूचा पैसा १३६ कोटी डॉलरवरून ११ कोटींवर आला. ज्यांच्या कोठारात जुना माल पडून होता त्यांना मात्र किलोला चारशे डॉलरच्या वर भाव मिळाला.

तिथं 'सलाम' नावाची पद्धत आहे. हिवाळ्यात घरात दाणा नसताना व्यापारी पुढच्या अफूवर आगाऊ पैसे देतो आणि पीक आलं की पडत्या भावानं उचलतो. तुम्ही बीड जिल्ह्यातले, तुम्हाला हे वेगळं सांगायला नको. ही आपली उचलच. ऊसतोडीला कोयता घेऊन निघण्याआधी मुकादमाकडून घेतलेली, पोरीच्या लग्नात नाहीतर दवाखान्यात संपलेली, पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, डोक्यावर बसलेली. उद्या एका हुकमानं ऊसतोड बंद झाली आणि उचल तेवढी शिल्लक राहिली, तर वडवणी-धारूरच्या तांड्यांवर काय होईल ते डोळ्यांसमोर आणा. अफगाण शेतकऱ्यानं अफूच्या जागी गहू पेरला. गव्हावर तसली उचल कोण देणार?

आणि अफू जगातून गेली का? त्याच २०२३ साली १,०८० टनांनी म्यानमार पहिल्या नंबरावर गेला. तालिबाननं २०००-०१ मध्येही अशीच बंदी घातली होती. तेव्हा अफूपासून बनणारं हेरॉईन आटलं आणि एस्टोनियात त्याच्या जागी फेंटानिल आलं, हेरॉईनपेक्षा कितीतरी पट जहाल. तिथली पोरं वर्षानुवर्षं त्यानं मरत राहिली.

आता आपल्याकडं. २०१२ साली परळी तालुक्यात अफूची शेती सापडली होती, आठवत असेल. उभं पीक उपटलं, गुन्हे दाखल झाले. 'आम्ही खसखस लावली होती' असं शेतकरी सांगत होते. झाड एकच आहे. बोंडाला दुपारनंतर चीर द्यायची, रात्रभर चीक वर येतो, सकाळी खरवडायचा, ती अफू. बोंड वाळलं की आतले दाणे म्हणजे आपल्या अनारशावरची खसखस. मध्य प्रदेशातल्या नीमच-मंदसौरचा शेतकरी परवाना घेऊन हेच पीक घेतो आणि सरकार त्याचा चीक मोजून घेतं. परळीत कुणी जाणूनबुजून लावलं असेल तर तो गुन्हाच, मी पाठीशी घालत नाही. पण बियाणं देणारा, माल नेणारा कुठवर सापडला, हा प्रश्न मला आजही छळतो.

ज्या गोष्टीमुळं मी या विषयाकडं वळलो ती आता सांगतो. माझे थोरले काका अंबड तालुक्यातले. तंबाखूनं जबड्याचा कॅन्सर झाला. आडवं झालं की ठणका वाढायचा, म्हणून रात्रभर ओसरीवर खांबाला कपाळ टेकून बसायचे. खांबावर त्या उंचीला तेलकट डाग पडला होता. डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या. तालुक्याच्या मेडिकलवाल्यानं चिठ्ठी वाचली आणि आवाज खाली घेऊन म्हणाला, "हे आम्ही ठेवत नाही, फार कटकट असते." दुसरीकडं तेच, तिसरीकडं तेच. तिसऱ्या आठवड्यात शहरातून गोळ्या आल्या. त्या रात्री काका अंथरुणावर झोपले. काकू दोनदा उठून त्यांचा श्वास बघून आली, इतकी त्या झोपेची सवय मोडली होती.

ती गोळी अफूपासूनच होते, दादा. १९८५ चा एनडीपीएस, म्हणजे अंमली पदार्थांविरुद्धचा कायदा आला आणि परवान्यांच्या जाचापायी पुढच्या बारा-तेरा वर्षांत देशातला औषधी मॉर्फिनचा वापर ९७ टक्क्यांनी घटला. जो देश कायदेशीर अफू पिकवतो, ज्याच्या गाझीपूर आणि नीमचला सरकारी कारखाने आहेत, त्या देशात. २०१४ ला कायदा सुधारला, नियम सोपे झाले. पण मेडिकलवाल्याच्या मनातली भीती तेवढ्यानं जात नाही.

काकांना खाल्लं त्या तंबाखूचंही बघा. जुलै २०१२ पासून राज्यात गुटखाबंदी आहे. कुठल्याही टपरीवर मागा, चढ्या भावानं मिळतो. तो खरोखर बंद झाला तर मला हवाच आहे.

आता तुमचा भाचा. एमडी कुठल्या शेतात पिकत नाही, ते कारखान्यात रसायनांपासून बनतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्या पैठणच्या औद्योगिक वसाहतीत छापे पडले, पुढच्या फेब्रुवारीत कुरकुंभला, आणि २०२५ च्या सुरुवातीला तुळजापूरचं एमडीचं प्रकरण बाहेर आलं, आईच्या दारात. ते बनवणाऱ्याला, विकणाऱ्याला कसलीही दयामाया नको, इथं तुमचं-माझं एकमत आहे.

पण तुमच्याच प्रतिक्रियेत शेवटी एक वाक्य आहे: "पोलीस केस होईल म्हणून ताईनं दीड वर्ष कुणाला सांगितलं नाही." मी त्याच वाक्यावर अडकलोय. याच एनडीपीएस कायद्यात ६४-अ कलम आहे. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात सापडलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचाराला गेला आणि ते पूर्ण केले, तर त्याच्यावर खटला चालत नाही. ताईंना हे त्या दीड वर्षात एखाद्या डॉक्टरनं, शिक्षकानं, शिपायानं सांगितलं असतं तर? धडकेची बातमी घराघरात पोचते. हे कलम कुणाच्या घरी पोचलं नाही, आणि माझी सगळी तक्रार एवढ्याशीच आहे.

ताईंची हरकत नसेल तर मला त्यांच्याशी बोलायचं आहे. त्या दीड वर्षात त्या कुठं कुठं गेल्या, कुणी काय सांगितलं, ते त्यांच्या शब्दांत लिहून काढायचं आहे, नाव-गाव न देता. महिन्यातून एकदा मी संभाजीनगरहून बीडला येतो, गेवराई वाटेतच लागतं. कधी आलेलं चालेल, तेवढं कळवा.