विटांवर टेकवलेली गाडी: एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

मागच्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया मी तीन-चार वेळा वाचली. दोन ओळींत उत्तर देणं बरं दिसलं नसतं, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. आमच्या 1992 सालच्या मारुती 800 चा मागचा उजवा ब्रेक मी नाशिकच्या इंदिरानगरमधल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये कसा दुरुस्त केला, ते मी लिहिलं होतं. त्यावर काकांचं म्हणणं असं: फोटोत गाडी विटांवर टेकवलेली दिसते, हा शुद्ध बेजबाबदारपणा आहे. ब्रेकसारखं काम शिकाऊ हातांनी करायचं नसतं, आणि हे वाचून उद्या एखादा पोरगा गाडीखाली जाईल. 15 वर्षं उलटलेली गाडी रस्त्यावर आणणं मुळात बेकायदा आहे. अशा गाड्या धूर ओकतात. आणि एवढं करून मी चार पैसे वाचवते ते गॅरेजवाल्याच्या पोटावर पाय देऊन. काकांनी सातपूरला 30 वर्षं गाड्यांच्या कामात काढली आहेत, हेही त्यांनी लिहिलं आहे.

विटांचं तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. त्या सिमेंटच्या पोकळ विटा होत्या, बांधकामातून उरलेल्या. भिंतीत रचल्या की त्या मजबूत असतात, कारण वजन सगळीकडे सारखं बसतं. गाडीचा ॲक्सल मात्र एकाच रेघेवर टेकतो आणि अशी वीट आधी तडा दाखवून सावध करत नाही, एकदम फुटते. गाडी साडेसहाशे किलोची. माझं अंग गाडीखाली नव्हतं, पण हात चाकामागच्या ब्रेक ड्रमच्या आत होते आणि डोकं वाकवून मडगार्डच्या खाली घातलेलं होतं. जॅक, वीट आणि पुढच्या चाकांना लावलेले दोन दगड, एवढ्यावर मी दोन तास विसंबले. तुमची प्रतिक्रिया वाचली त्याच आठवड्यात मी लोखंडी स्टँडची जोडी आणली. तो फोटो काढून टाकलेला नाही. त्याच्याखाली ठळक अक्षरात लिहिलं आहे की असं कधीच करू नका, आणि का करू नये तेही लिहिलं आहे.

ब्रेकच्या बाबतीत अर्धं मान्य आहे. मी लेखात काम सांगितलं आणि कामानंतरची तपासणी सांगितलीच नाही, ही माझी चूक. ती आता इथे सांगते. नवीन रबर किट घालून चाक बसवल्यावर ब्रेकची हवा काढली. भाची पॅडल दाबायला बसली होती. तिने दाबून धरायचं, मी हवा काढायचं निपल अर्धा आटा सैल करायचं, निपलला लावलेली पारदर्शक नळी बाटलीतल्या ब्रेक ऑइलमध्ये बुडालेली. मी पुन्हा आवळून ‘सोड’ म्हटल्याशिवाय तिने पाय उचलायचा नाही. बुडबुडे थांबले तरी आणखी सहा-सात वेळा केलं. मग इंजिन बंद ठेवून पॅडल पूर्ण एक मिनिट दाबून धरलं, पाय हळूहळू खाली जातोय का ते पाहायला. गेला नाही. त्यानंतर पार्किंगच्या आतच, चालण्याच्या वेगात, हात हँडब्रेकवर ठेवून चार फेऱ्या मारल्या. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, रस्ता रिकामा असताना, गाडी वडाळा नाक्याजवळच्या आमच्या मेकॅनिक चाचांकडे नेली. त्यांनी चाक उघडून बघितलं, स्प्रिंग बरोबर बसली आहे का ते बोटाने चाचपलं आणि मान हलवली. हे सगळं लेखात यायलाच हवं होतं. आता आलं आहे.

पण ‘शिकाऊ हातांनी करायचं नसतं’ हे मला पटत नाही, आणि का ते सांगते. तो ब्रेक गळतोय हे कोणाला कळलं? त्याआधी दोनच महिने एका गॅरेजमध्ये याच गाडीचे मागचे ब्रेक शू बदलून झाले होते. ड्रम उघडला होता, ब्रेकचा सिलिंडर समोर होता, त्याच्या रबरी टोपीखाली ओल असणार. कोणी बोललं नाही. मला कळलं ते गाडी धुताना. मागच्या उजव्या टायरच्या आतल्या बाजूला, कुणी वाकून बघणार नाही अशा जागी, खालच्या दिशेने ओघळलेली एक काळसर रेघ होती. पाण्याने ती जाईना. बोट लावलं तर चिकट, निसरडी, आणि वास ग्रीसचा नव्हता. ब्रेक ऑइलची टाकी पाहिली तर पातळी खुणेच्या खाली. मी स्वतः पाना हातात घेत नसते तर ती रेघ मला चिखलच वाटली असती.

कायद्याबद्दल आपण दोघांनी जरा स्वच्छ बोलूया, कारण हा गैरसमज फार पसरला आहे. 15 वर्षं झाली की गाडी भंगारात, हा नियम आपल्याकडे नाही. दिल्ली आणि आसपासच्या पट्ट्यात 10 वर्षांवरचं डिझेल आणि 15 वर्षांवरचं पेट्रोल यांच्यावर हरित लवादाने आणि नंतर 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी आणली, त्या बातम्यांमुळे सगळ्या देशाला तसं वाटतं. महाराष्ट्रात खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांनी संपते, मग गाडी तपासून दर पाच वर्षांनी ती वाढवून घ्यायची असते. शुल्क मात्र भरमसाट वाढलं आहे. मोटारीच्या नूतनीकरणाला पूर्वी 600 रुपये लागायचे, एप्रिल 2022 पासून 5,000 झाले, आणि ऑगस्ट 2025 पासून 20 वर्षांवरच्या गाडीला 10,000. पर्यावरण कर वेगळा. पेठ रोडच्या आरटीओत आमची गाडी वेळेवर उभी राहिली आहे, कागद पूर्ण आहेत.

धुराबद्दल मी वाद घालणार नाही. कार्बोरेटरची, धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसलेली गाडी आजच्या बीएस-6 गाडीपेक्षा किलोमीटरमागे जास्त घाण हवेत सोडते. पीयूसीचे आकडेच बघा: आमच्या काळातल्या गाडीला कार्बन मोनॉक्साइड 3 टक्क्यांपर्यंत चालतो, बीएस-4 पासून पुढच्या गाड्यांना 0.3 टक्के. दहापट सवलत आहे ती. माझ्या हातात एवढंच आहे की कार्बोरेटरमधलं हवा-पेट्रोलचं मिश्रण नीट लावून गाडी त्या मर्यादेच्या पुष्कळ खाली ठेवायची आणि रोजच्या ऑफिसला ती न्यायची नाही. रोज मी बसने किंवा स्कूटरने जाते.

आता पैशांचं आणि गॅरेजवाल्याच्या पोटाचं. इथे तुमचा अंदाज पूर्ण चुकला आहे, काका. मी पैसे वाचवत नाही. या उन्हाळ्यात काय झालं ते ऐका.

मे महिन्यात गाडी गरम झाली की बंद पडायला लागली. सकाळी एका सेल्फला चालू. वीस-पंचवीस मिनिटं मख्खन. मग एक झटका, दुसरा झटका, आणि रस्त्याच्या कडेला शांत. अर्धा तास थांबलं की परत चालू, जणू काही झालंच नाही. पहिल्यांदा त्र्यंबक रोडला महिरावणीजवळ झालं. लहानपणी बाबांना फियाटच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकताना पाहिलं होतं. उन्हात पंपातलं पेट्रोल उकळतं, त्याची वाफ धरते आणि पंप ओढायचा थांबतो. मीही ओलं फडकं टाकलं, थांबले, गाडी चालू झाली. मला वाटलं रोग सापडला.

सापडला नव्हता. पेट्रोल पंप बदलला. फिल्टर बदलला. पेट्रोलच्या रबरी नळ्या तशाही बदलायच्याच होत्या, कारण 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुनं रबर फुगून मऊ पडलं होतं, नखाने दाबलं तर खळगा तसाच राहायचा. कार्बोरेटर उतरवून साफ केला, जेट फुंकून घेतले, डायफ्राम नवीन. तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी गाडी सोमेश्वरच्या पुढे परत बंद. त्या दिवशी मी रस्त्याच्या कडेला बसून रडले, हे लपवत नाही. तीन आठवड्यांची मेहनत होती आणि गाडी होती तिथेच होती.

रडून झाल्यावर मात्र पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं. पेट्रोल येतंय का आणि करंट येतोय का, हे दोन प्रश्न वेगळे केले. कार्बोरेटरच्या काचेत पेट्रोल भरलेलं दिसत होतं. मग एक प्लग काढून वायरला लावला, इंजिनच्या लोखंडाला टेकवला आणि वाटेवरच्या एका मुलाला सेल्फ मारायला सांगितलं. ठिणगी पडली, पण पिवळी, बारीक, मरतुकडी. चांगली ठिणगी निळी असते आणि तिचा ‘चट’ असा आवाज कानाला येतो. प्लगना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं तर पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी करंट जोडणारे-तोडणारे संपर्क, जळून काळे पडलेले. म्हणजे दोष कंडेन्सरचा, पॉइंट जळू नयेत म्हणून त्यांना जोडलेल्या छोट्या डबीचा. तो गरम झाला की दम सोडत होता, आणि माझं ओलं फडकं ठेवून होईपर्यंतच्या अर्ध्या तासात आपोआप थंड होत होता. पेट्रोल पंपाचा काही गुन्हाच नव्हता.

नवा कंडेन्सर आणला, पॉइंट आणले, बसवले. दोन दिवसांनी गाडी परत तशीच बंद.

तेव्हा मी चाचांकडे गेले. सत्तरीचे आहेत, पॉइंटवाल्या गाड्यांवर हात चालणारी माणसं आता शहरात मोजकीच उरली. त्यांनी माझा नवाकोरा कंडेन्सर हातात घेऊन उलटापालटा केला आणि म्हणाले, ‘नया है तो अच्छा ही होगा, ये किसने बोला?’ ड्रॉवरमधल्या जुन्या डब्यातून एक कंडेन्सर काढला, कधीच्या तरी भंगारात गेलेल्या गाडीचा, वायर काळवंडलेली. तो लावला. जूनमध्ये गाडी वणीला जाऊन आली, एकदाही थांबली नाही. चाचांनी त्याचे पैसे घेतले नाहीत. पण टायमिंग बेल्ट, क्लच प्लेट, वेल्डिंग, इंजिन उतरवायचं कुठलंही काम, हे सगळं त्यांच्याकडेच जातं आणि त्याचे पैसे घासाघीस न करता दिले जातात. आता हिशेब करा. पंप, फिल्टर, डायफ्राम, पॉइंट आणि एक निकामी कंडेन्सर. पहिल्याच दिवशी चाचांकडे गेले असते तर याच्या चौथाईत काम झालं असतं.

मग करते कशाला, असं तुम्ही विचाराल. मागच्या वर्षीचा कसारा घाट सांगते. कल्याणहून परत येत होतो, शेजारी आई. चढावर पुढे ट्रकची रांग, पहिला गियर, थांब-चल. तापमानाचा काटा मधल्या खुणेवरून वर सरकायला लागला आणि माझ्या लक्षात आलं की पंख्याचा आवाज येत नाहीये. अशा चढावर तो सुरू होतोच. सुरू झाला की इंजिनचा सूर किंचित खाली येतो, पंख्याच्या विजेसाठी अल्टरनेटरची इंजिनवर ओढ पडते म्हणून. तो सूर मला पाठ आहे. काटा लाल पट्टीला लागण्याआधी गाडी बाजूला घेतली. या इंजिनचं हेड ॲल्युमिनियमचं, एकदा तापून वाकलं की हेड गॅस्केट जातं आणि मोठं काम निघतं. रेडिएटरचं झाकण उघडलं नाही, गरम असताना उघडायचं नसतं. पंख्याच्या थर्मो स्विचचा कनेक्टर काढला, तारा वायरच्या एका तुकड्याने थेट जोडल्या, आणि पंखा घरघरत फिरायला लागला. पंधरा-वीस मिनिटं गाडी निवू दिली. आईने डब्यातला लाडू काढून दिला. इगतपुरीला चहा घेऊन आम्ही अंधार पडायच्या आत घरी होतो.

मला हे हवं आहे, काका. ही गाडी बाबांची. ते गेले तेव्हा ती दीड वर्ष ताडपत्रीखाली उभी होती, आणि मला तिच्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. आज रविवारी सकाळी पॉइंटमध्ये फट मोजायच्या फीलर गेजची पाती सरकवते, 0.45 मिलिमीटरची. फार सैल नको, अडकायलाही नको; वहीच्या दोन पानांमधून तिसरं पान ओढावं तेवढीच तिने बोटाला ओढ द्यायला हवी. ती ओढ बरोबर लागली, झाकण बसवलं, सेल्फ मारला, आणि तीन सिलिंडरची ती धावती लय एकसारखी झाली की आई वरच्या गॅलरीतून डोकावते. तिला इंजिनमधलं काही कळत नाही. पण बाबा गाडी चालू करायचे तेव्हा ती जशी डोकावायची, तशीच डोकावते.

एक विनंती आहे. मागचं डावं चाक अजून उघडायचं आहे. उजवा सिलिंडर गळला म्हणजे त्याच वयाच्या डाव्याचाही भरवसा नाही. किट आणून ठेवलं आहे, स्टँड आहेत, ब्रेक ऑइलचा डबा सीलबंद आहे. येत्या रविवारी सकाळी नऊनंतर कधीही या. तुम्ही खुर्चीवर बसा, मी काम करते, आणि जिथे माझा हात चुकेल तिथे तिथल्या तिथे थांबवा.