पोराचा पहिला केस पेपर कसा काढावा

नवीन डॉक्टर धरायचा कधी, हे आधी नीट समजून घ्या. पोरगं ठणठणीत असताना, आडवारी दुपारी, ओपीडीत चिटपाखरू नसताना शांतपणे जायचं आणि सांगायचं की आम्ही नुकतेच सांगलीत विश्रामबागेत राहायला आलोय, हा आमचा मुलगा, ह्याचा पेपर काढून ठेवा, वजनबिजन करून घ्या, असला येडेपणा शहाण्या घरात कोण करतंय का? धडधाकट पोराला दवाखान्यात नेलं तर शेजारचे काय म्हणतील, आणि फी कशाची द्यायची, तोंड बघितल्याची? त्यापेक्षा थांबायचं. ताप येऊ द्यायचा. पहिल्या दिवशी आज्जीचा काढा, दुसऱ्या दिवशी मेडिकलवाल्यानं त्याच्या मनानं दिलेली बाटली, तिसऱ्या दिवशी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढायची, आणि मग रविवारी रात्री साडेनऊला, शटर अर्धं खाली आलेलं असताना वाकून आत शिरायचं. डॉक्टर तुम्हाला जन्मात विसरणार नाहीत.

आता डॉक्टर कुठला, हा प्रश्न. आपल्याकडं डॉक्टरांना काय तोटा नाही बघा, मिरजेत १८९४ मध्येच मिशनचं हॉस्पिटल सुरू झालं, पार कर्नाटकातनं लोक रेल्वेत बसून औषधाला मिरजेला यायचे आणि अजून येतात. एवढं सगळं हाताशी असल्यावर निवडायला डोकं लावायची गरज नसते. पाटीवर डिग्री कुठली, रजिस्ट्रेशन नंबर लिहिलाय का, ते अजिबात वाचू नका, दारात चपला किती पडल्यात तेवढं मोजा. चपला जास्त म्हणजे हाताला गुण आहे. आणि मग त्याच चपलावाल्यांच्या मागं दोन तास बसायला लागलं की 'हितं काय सिस्टीमच नाही' म्हणून मोठ्यानं बोलायचं, म्हणजे सिस्टीम सुधारते.

पोराला घेऊन कोण जाणार हेही महत्त्वाचं. ज्या माणसाला पोराची सगळी माहिती आहे, म्हणजे बहुतेक वेळा आई, तिला घरीच ठेवायचं कारण भाकरी कोण करणार. आबांना पाठवा. आबांना विचारलं तर ते बाजार समितीतला हळदीचा भाव, कृष्णेची पातळी, आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटावर आलंय, सगळं सांगतील. काउंटरवरच्या ताईंनी विचारू नये ते विचारलं तर असं होतं:

"आबा, नाव काय बाळाचं?"

"दाद्या."

"पूर्ण नाव ओ."

"दाद्याच म्हणतोय आमी. शाळंतलं नाव त्याच्या आईला ठावं."

"जन्मतारीख?"

"गणपतीच्या आदी. पाऊस लई हुता."

"वजन किती आहे?"

"हाय की बरंच. खातंय बी चांगलं."

"कशाची ॲलर्जी?"

"आमच्यात कुणालाच न्हाई तसलं काय."

झाला पेपर. दाद्या आबा पाटील, वय अंदाजे. जन्मदाखल्यावर नाव वेगळं, आधारवर स्पेलिंग वेगळं, आणि उद्या लॅबचा रिपोर्ट आला की तो तिसऱ्याच नावानं, मग विम्याच्या क्लेमला हे तिन्ही दाद्या एकच आहेत हे सिद्ध करत बसायचं, वेळ कसा छान जातो. काही घरांत तर जन्माची नोंद २१ दिवसांत करून दाखला आणलेला असतो पण त्यात नावाची जागा कोरी, कारण आत्यानं सुचवलेलं नाव मावशीला पसंत नव्हतं. नाव नंतरही घालता येतं, महापालिकेत जाऊन, त्यामुळं घाई कशाला? पोरगं केजीत जाईल तेव्हा बघू.

वजनाचं मात्र थोडं सविस्तर सांगतो कारण इथं डॉक्टर लोक फार अडून बसतात. लहान मुलांच्या तापाच्या औषधाचा, म्हणजे पॅरासिटामॉलचा डोस वयावर नाही तर वजनावर काढतात, दर किलोला १० ते १५ मिलिग्राम असा हिशोब असतो. वर ते औषध एका ताकदीचं येतच नाही, एका सिरपमध्ये ५ मिलीला १२५, दुसऱ्यात त्याच ५ मिलीला २५०, आणि ड्रॉपरवाल्या चिमुकल्या बाटलीत तर १ मिलीतच १००. म्हणजे बाटली बदलली आणि चमचा तोच राहिला तर डोस डबल. पण आपण असल्या आकड्यांत पडायचं नाही. आधी काय दिलं असं विचारलं की ठामपणे सांगायचं, 'ते गुलाबी, गोड असतंय बघा, स्ट्रॉबेरीच्या वासाचं.' किती दिलं? 'एक झाकण.' कधी दिलं? 'मगाशी.' बाटली बरोबर नेली असती तर हे तिन्ही प्रश्न लेबल वाचून आणि घड्याळ बघून सुटले असते, पण मग डॉक्टरांच्या अनुभवाचा उपयोग काय? एवढं शिकलाय ना बाबा, ओळख की. आणि काट्यावर उभं करताना बूट, जर्किन, खिशातल्या गोट्या सगळ्यासकट उभं करा, अर्धा-पाऊण किलो जास्त भरलं की आज्जीला बरं वाटतं.

खोकल्याच्या बाटलीबद्दल विचारलं तर शेजारच्या काकूंनी दिली म्हणायचं. त्यांच्या नातवाला लागू पडली होती. त्यांचा नातू नववीत आहे ही बारीक गोष्ट सोडून द्या. सर्दीच्या औषधांत सर्रास असणारी क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिनची जी जोडगोळी, ती चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नका असं लेबलवर छापायला सरकारनं २०२३ मध्येच सांगितलंय, पण ते इतक्या बारीक अक्षरात असतं की काकूंना चष्मा लावूनसुद्धा दिसत नाही, त्यात त्यांचा काय दोष.

लसीकरणाचं कार्ड. हे तर न्यायचंच नाही. 'सगळ्या लसी झाल्यात' हे एकच वाक्य पाठ करा आणि छाती पुढं काढून म्हणा. दीड, अडीच, साडेतीन महिन्यांचं पेंटा, म्हणजे पाच रोगांवरची एकच लस, तीनदा झालं का दोनदा, नऊ महिन्यांचं गोवर-रुबेला झालं होतं का त्या आठवड्यात गावाकडं जत्रा होती, दीड वर्षाचा बूस्टर म्हणजे काय असतंय, असल्या प्रश्नांना 'आशाताईंना विचारा' हे उत्तर चालतं. फारच खोदून विचारलं तर कार्ड २०१९ च्या पुरात गेलं म्हणायचं. सांगलीत ह्या वाक्यापुढं कुणी बोलत नाही. पोरगं २०२० चं असेल तर २०२१ चा पूर आहेच. त्यानंतरचं असेल तर मात्र थोडी अडचण आहे, मग पंचायत होण्यापेक्षा गप्प बसून छताकडं बघावं. हल्ली यू-विनवर, म्हणजे सरकारच्या लसनोंदीच्या पोर्टलवर, नोंद झाली असेल तर लसीचं सर्टिफिकेट मोबाईलवरच निघतं, तेव्हा नोंद करताना ओटीपी कुणाच्या नंबरवर आला होता हेही वेळीच विसरून जायला पाहिजे.

जन्माच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड असतं त्यावर जन्माचं वजन, किती आठवड्यांचं झालं, कावीळ झाली होती का, पेटीत ठेवलं होतं का, हे सगळं लिहिलेलं असतं. ते लॉकरमध्ये सातबाऱ्याबरोबर सुरक्षित आहे. तिथंच राहू दे.

आता नंबर लागला, आत गेलात. लक्षण सांगू नका, थेट निदान सांगा. 'ह्याला टॉन्सिल झालाय', 'कफ छातीत उतरलाय', 'पोटात जंत आहेत, रात्री दात खातंय.' मग ऑर्डर द्या. डॉक्टर पोराला तपासून म्हणाले की व्हायरल आहे, पाणी पाजत राहा, ताप बघा, अँटिबायोटिकची गरज नाही, तर समजून जायचं की ह्यांना काय येत नाही. सर्दीच्या व्हायरसवर अँटिबायोटिक चालत नाही हे पुस्तकात ठीक आहे ओ, पण आपण तीनशे रुपये मोजलेत, एक सुई तरी पाहिजे. सुई नाही तर निदान लाल रंगाचं काहीतरी. आणि धोक्याच्या खुणा सांगायला लागले, म्हणजे श्वास भराभरा घेत असेल, दूध-पाणी घेईना, लघवी कमी झाली, अंगात त्राण नसल्यागत पडून राहिलं तर लगेच घेऊन या, की त्याच वेळी तुमचा फोन वाजला पाहिजे.

दाराशी आल्यावर, चप्पल घालता घालता मागं वळून म्हणा, 'हां, ते मागं एक अँटिबायोटिक दिलं होतं त्यानं अंगावर गांधी उठल्या होत्या, ओठ पण सुजलेले.' औषधाचं नाव? आठवत नाही. पिवळं होतं. ताईंनी मगाशी पेपरवर ॲलर्जी 'नाही' असं लिहिलंय, त्यावर आता काट मारून काय लिहायचं ते त्यांचं त्या बघतील, डॉक्टरांना लिहिलेलं सगळं परत वाचायला लावलं की बाहेरच्या पन्नास चपलावाल्यांशीही तुमची ओळख होऊन जाते.

घरी आल्यावर औषध अर्धं द्या. ताप उतरला की बाटली फ्रीजच्या दारात ठेवा, पुढच्या खेपेला काकूंच्या उपयोगी पडेल. डॉक्टरांनी तीन दिवसांनी दाखवा म्हणून सांगितलं असेल तर जायचं नाही, बरं वाटतंय. पेपर मात्र त्या तीन दिवसांत चुरगळून धुण्यात गेला पाहिजे. आणि रात्री दोनला परत ताप चढला तर डॉक्टरांच्या नंबरवर शीचा फोटो टाका, खाली फक्त 'सर?' एवढंच लिहा, नाव, वय काही नको. पाच मिनिटांत निळी टिक आली नाही तर तोच फोटो फॅमिली ग्रुपवर टाकायचा, जयसिंगपूरचे मामा जागेच असतात आणि त्यांच्या मेव्हण्याचं मेडिकल आहे.