काकांची ठासणी आणि स्प्रिंगफिल्डचं शस्त्रागार

२०२४ च्या लोकसभेला १६ मार्चला आचारसंहिता लागली आणि ४ जूनला निकाल आला. तेवढे सगळे दिवस आमच्या काकांची ठासणीची बंदूक पोलीस ठाण्यात जमा होती. कर्नाटकात, बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यात जांबोटीच्या अंगाला आमचं शेत, जंगल अगदी बांधाला लागून. परवाना शेतीसंरक्षणाचा. रात्री माळ्यावरून एक बार काढला की रानडुकरं, गवे मागं फिरतात, एवढाच तिचा उपयोग. त्या अडीच महिन्यांत डुकरांनी कोवळा ऊस मुळासकट उकरला. बंदूक परत मिळाली तेव्हा नळीला गंज धरला होता.

घरच्या ग्रुपवर हा विषय निघाला की चुलतभावाचं वाक्य ठरलेलं: "तुमच्या अमेरिकेत बरं की रे, दुकानात जायचं आणि घ्यायची." त्याचा राग मला कळतो. पण त्याचं म्हणणं मला मान्य नाही, आणि ते का नाही हे मला स्प्रिंगफिल्डमध्ये वडिलांसोबत, म्हणजे अप्पांसोबत, फिरताना नीट उमगलं.

मी मॅसॅच्युसेट्समध्ये राहतो. अप्पा आले तेव्हा त्यांना स्प्रिंगफिल्डचं जुनं सरकारी शस्त्रागार दाखवायला नेलं. १७९४ पासून १९६८ पर्यंत, १७४ वर्षं, इथं अमेरिकी सैन्यासाठी बंदुका बनल्या. आता तिथं संग्रहालय आहे. गारगोटीच्या ठिणगीनं बार उडणारी, म्हणजे चकमकीची, बंदूक दिसताच अप्पा थांबले. काचेवर बोट टेकवून मला सांगू लागले, "हा गज बघ. दारू, वर चिंधी, मग छर्रे, आणि गजानं ठासायचं. आमच्यात केप लावतात, इथं गारगोटी आहे. बाकी तेच की." दोनशे वर्षांपूर्वीचं हत्यार त्यांना वाचता येत होतं, कारण तसलंच एक आमच्या माजघरात खुंटीला आहे.

ब्लँचर्डच्या लेथपाशी तर ते बराच वेळ हलले नाहीत. बंदुकीचा लाकडी दस्ता वेडावाकडा, तो साध्या लेथवर कातता येत नाही. थॉमस ब्लँचर्डनं १८१९ मध्ये त्यावर तोड काढली: एक चाक तयार नमुन्यावरून फिरतं, आणि त्याच्या हालचालीबरोबर दुसरीकडं पातं कोऱ्या लाकडाला तोच आकार देतं. एकासारखा एक दस्ता. अशाच यंत्रांतून आणि मापाच्या गेजांतून एका बंदुकीचा भाग दुसरीला बसू लागला, आणि पुढं शिवणयंत्रांपासून सायकलींपर्यंतचे कारखाने त्या रीतीनं उभे राहिले. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत ज्यांनी टर्नर-फिटरचं काम पाहिलंय त्यांना हे दालन फार जवळचं वाटेल. बेळगावच्या फाउंड्र्यांचं, लेथवर आयुष्य काढलेल्या माणसांचं असं एखादं दालन आपल्याकडं व्हायला हवं, हे मला तिथं फार वाटलं.

पुढं रांगेनं उभ्या केलेल्या बंदुकांची मोठी मांडणी आहे. तिथं माझी नऊ वर्षांची मुलगी आजोबांना सांगू लागली की शाळेत त्यांना सराव देतात: दिवे बंद, दाराला आतून कडी, सगळ्यांनी कोपऱ्यात खाली बसायचं, आवाज नाही. "कशासाठी गं?" अप्पांनी विचारलं. "कुणी बंदूक घेऊन आलं तर." अप्पांनी तिचा हात धरला आणि बाहेर येईपर्यंत सोडला नाही.

भावाला मला हेच सांगायचंय. आणि ज्या राज्यात ही फॅक्टरी पावणेदोनशे वर्षं चालली, तिथंही आज दुकानात जाऊन उचलता येत नाही. स्थानिक पोलिसांकडून परवाना काढावा लागतो. बंदुकीनं मरणाऱ्यांचं प्रमाण अमेरिकेत सगळ्यात कमी असलेल्या राज्यांत मॅसॅच्युसेट्स वर्षानुवर्षं आहे. स्मिथ अँड वेसन ही स्प्रिंगफिल्डची जुनी कंपनी. राज्यात होऊ घातलेल्या कायद्याचं कारण देत तिनं २०२१ मध्ये मुख्यालय टेनेसीला हलवायचं जाहीर केलं. रोजगार गेला, शहराला झळ बसली. तरी शाळेतल्या सरावाचा विचार केला की मी परवान्याच्या बाजूनं उभा राहतो.

याचा अर्थ काकांची तक्रार खोटी, असा नाही. आपल्या भागात हत्यारं काढून घेण्याचा इतिहास कडू आहे. १८५७ मध्ये इंग्रजांनी निःशस्त्रीकरणाचा कायदा आणला तेव्हा मुधोळजवळच्या हलगली गावच्या बेडर समाजातल्या लोकांनी हत्यारं द्यायला नकार दिला, आणि ते बंड फार क्रूरपणे चिरडलं गेलं. १८७८ च्या शस्त्र कायद्यानं तर भारतीय माणसाला संशयितच ठरवलं. आज १९५९ चा कायदा आपला आहे, पण जांबोटीच्या शेतकऱ्याला वागणूक अजून जुनीच मिळते. निवडणूक आयोगाच्या सूचनांत छाननी समितीनं एकेक परवाना तपासून ठरवायचं असं आहे. सरसकट सगळ्यांच्या बंदुका गोळा करायच्या असं नाही. भांडायचं असेल तर यासाठी भांडावं: ज्याच्यावर गुन्हा नाही आणि ज्याचा बांध जंगलाला लागून आहे, त्याची बंदूक पिकाच्या दिवसांत घरी राहावी. जमा केलीच तर तेल लावून, पोच देऊन ठेवावी.

काकांनी तसा अर्ज करायचं ठरवलंय. मजकूर मी मराठीत लिहून पाठवला. कचेरीत तो कन्नडमध्ये द्यायचाय. शेजारचे निवृत्त मास्तर लिहून देणार आहेत, त्यांच्याही उसात डुकरं शिरतात. सोबत नुकसानीचा पंचनामा आणि गंजलेल्या नळीचा फोटो जोडायचाय. फोटो अप्पांनी काल रात्री काढून पाठवला.